पहिली पाटी

मिरजेत आमच्या कॉलनीच्या मधोमध चार गुंठ्यांची मोकळी जागा आहे. लेआउट पडला तेव्हा नकाशावर तिथं बगीचा दाखवला होता. प्रत्यक्षात पंधरा वर्षं तिथं गाजरगवत आणि बांधकामाचा राडारोडा यांच्याशिवाय काही नव्हतं. 2020 च्या टाळेबंदीत मूठभर कोथिंबिरीसाठी सकाळी रांगेत उभं राहावं लागलं, तेव्हा ही जागा आपलीच आहे याची सगळ्यांना एकदम आठवण झाली. 22 घरांनी मिळून राडारोडा उचलला, दोन ट्रॉल्या शेणखत आणलं, कडेनं जाळी मारली, कॉलनीच्या बोअरवरून पाइप ओढला. पावसाळ्यात पहिली भेंडी लागली.

या 22 घरांत निम्म्याहून जास्त आम्ही मुसलमान, चार घरं जैन, बाकी मराठा, लिंगायत, एक घर ख्रिस्ती. बाग बघायला येणाऱ्यांना हेच सांगण्यासारखं वाटतं. 'सगळे मिळून करता, किती छान,' असं म्हणून ते फोटो काढून जातात. खरं सांगायचं तर सगळ्यांनी मिळून भाजी लावणं फार अवघड नाही. मातीत हात घालताना कुणाचं कुणाशी वाकडं येत नाही. भाजी जास्त होते तेव्हा भांडण सुरू होतं. आमच्याकडेही झालं. ते कसं झालं आणि त्यातून काय ठरलं, हे लिहून ठेवावं असं वाटलं.

आधी कामाबद्दल सांगते.

पहिले काही महिने कामाची वाटणी करावीच लागली नाही. हौस होती. पण हौस साधारण एक पावसाळा टिकते, आणि बागेला बारा महिने माणूस लागतो. भेंडी लागायला लागली की एक दिवसाआड तोडावी लागते. चार दिवस राहिली तर जून होते, आणि झाडावर जून शेंगा राहिल्या की पुढची फुलं कमी येतात. फळमाशीनं डंख मारलेले दोडके वेलाखाली पडतात. ते उचलून खड्ड्यात पुरले नाहीत, तर पुढच्या आठवड्यात कारलीही हातची जातात. आमची जमीन काळी. पाणी जास्त झालं की चिखल, कमी झालं की हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा. बकरी ईदच्या आधी आठ-दहा दिवस घरोघरी बकरे येतात, तेव्हा बागेचं दार कुणी पाच मिनिटं उघडं ठेवलं तरी मेथीचा वाफा साफ होतो. ही कामं एकेकटी छोटी आहेत. रोज करावी लागतात, एवढंच.

ती कामं हळूहळू एकाच माणसावर येऊन पडली. आमच्या गल्लीतले एक चाचा एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले आहेत. बोअरची मोटर त्यांनाच कळते. फजरची नमाज पढून ते थेट बागेत जायचे, मोटर लावायचे, पाणी फिरवायचे, तुटलेली जाळी बांधायचे. 'चाचा आहेत की,' हे वाक्य आमच्या कॉलनीत इतकं रुळलं, की कुणाला त्यात काही वावगं वाटेना. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये चाचा बारा दिवस मुलीकडे सोलापूरला गेले. परत आले तेव्हा वांग्याची अर्धी रोपं उभी वाळली होती. प्रत्येक घराला वाटलं होतं, शेजारचं घर पाणी घालत असेल.

सामायिक गोष्टीची ही जुनीच अडचण आहे, आणि आपल्याच महाराष्ट्रात तिच्यावर जुना उपायही आहे. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारे घालून फड पद्धतीनं शेती करण्याची शेकडो वर्षांची रीत आहे. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली असते, एका फडात सगळे एकच पीक घेतात. आणि तिथं शेतकरी आपल्या शेताला पाणी स्वतः घेत नाही. पाणी देण्याचं काम पाटकऱ्याचं. पिकाची राखण जागल्याची. दोघांचा मोबदला सगळे शेतकरी मिळून देतात. पाट साफ करण्यात सगळ्यांचा हात लागतो. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजवायचं क्षेत्रच कमी करतात, म्हणजे तोटाही सगळ्यांच्या वाट्याला येतो. या पद्धतीबद्दल वाचताना मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की 'सगळ्यांचं काम' असं तिथं काही नाही. प्रत्येक कामाला माणूस आहे, आणि त्या माणसाला त्याचं देणं आहे.

आम्ही पाटकरी नेमू शकत नव्हतो, म्हणून वही केली. पाणी, तोडणी, खत, सडकी फळं, दार असे रकाने. प्रत्येक पाळीपुढे एका माणसाचं नाव, आणि त्याच्यापुढे बदलीचं नाव. गावाला जाणाऱ्यानं जाण्याआधी बदलीला सांगून जायचं. ही वही मी ठेवते. त्यानंतर रोपं वाळली नाहीत.

पण वही आली आणि तिच्याबरोबर हिशेबही आला.

भाजी कधीच बेतानं येत नाही. आठ दिवस काही नसतं आणि नवव्या दिवशी पाटीभर असतं. जानेवारीत टोमॅटो एकदम पिकतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेवगा असा लटकतो, की आकडी घेऊन माणसं थकतात. सुरुवातीला आम्ही सरळ 22 पिशव्या भरायचो. तराजूनं, सारख्या. हे न्यायाचं दिसायचं. पण आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो. आमच्या हिंदू शेजाऱ्यांकडे कांदेनवमीला भजी आणि भरीत होतं आणि दोन दिवसांनी बऱ्याच घरांत कांदा, लसूण, वांगं बंद. जैन घरांत कंदमुळं तर बाराही महिने नकोत, आणि चातुर्मासात त्यातले कित्येक जण पालेभाजीही सोडतात. श्रावणात वांगी लागली की समान वाट्याची वांगी दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या गाडीत दिसायची. तिकडे आमच्यातल्या आठ माणसांच्या घरात तीच वांगी पुरायची नाहीत. रमजानमध्ये उलटं. पुदिना, लिंबू, काकडी, पपई कितीही असली तरी इफ्तारच्या ताटात कमीच पडते, आणि दोडक्याला कुणी विचारत नाही. 22 सारख्या पिशव्या भरणं म्हणजे वाटप नव्हे, हे आम्हाला वांग्यांनी शिकवलं.

मग तिसऱ्या वर्षी थंडीत टोमॅटो आला. इतका आला, की विकावा असं ठरलं. 18 किलो रिक्षात घालून मंडईत नेला. पण बाजारात तेव्हा सगळ्यांचाच टोमॅटो आलेला. व्यापाऱ्यानं सांगितलेल्या भावात रिक्षाचं भाडं सुटलं, वर फारसं काही उरलं नाही. त्याच रविवारी बैठक झाली आणि कुणीतरी म्हणालं, 'विकून उपयोग नाही, आणि फुकट वाटूनही उपयोग नाही. ज्याचं काम त्याचा वाटा. वहीत पाळ्या आहेतच. महिन्यात दोन पाळ्या नसतील, त्या घराला पिशवी नाही.'

ऐकायला यात काही चूक नव्हती. बऱ्याच माना हलल्या. चाचा उठले. ते सहसा बैठकीत बोलत नाहीत. म्हणाले, 'मी साडेसहाला मोटर लावतो तेव्हा तुमच्या खिडक्या बंद असतात. मला भाजी जास्त नको. घरात आम्ही दोघंच. पण मी पाइप गुंडाळून येईपर्यंत कोवळी भेंडी गेलेली असते आणि पाटीत जून राहिलेली असते. मी काय सगळ्यांचा गडी आहे का?'

यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. नियम झाला. वहीत लिहिला गेला.

पुढच्या रविवारी आमच्या कोपऱ्यावरच्या खाला आल्या नाहीत. त्या विधवा आहेत. मुलगा एमआयडीसीत शिफ्टवर, कंत्राटावर. त्या दिवसभर मशीनवर ब्लाउज शिवतात आणि गुडघ्यांमुळे त्यांना वाफ्यात बसता येत नाही. दोन वर्षं त्या पिशवी घ्यायला यायच्या, घटकाभर बोलायच्या, कारल्याचा मसाला कसा करायचा ते मुलींना सांगायच्या. मी पिशवी घेऊन त्यांच्या दारात गेले. त्यांनी दार उघडलं, पाणी दिलं, आणि पिशवी माझ्याच हातात परत ठेवली. 'मुफत का नक्को मेरेकू,' एवढंच म्हणाल्या. दोन वर्षं तीच पिशवी, तीच भाजी. तेव्हा ती फुकटची नव्हती. आम्ही नियम लिहिला आणि ती फुकटची झाली.

त्या रात्री मला चाचांचं म्हणणंही पटत होतं आणि खालांचंही. दोघांनाही आपला मान राखायचा होता. चाचांना वाटत होतं, त्यांच्या कष्टाची किंमत नाही. खालांना वाटत होतं, कष्ट नसलेल्या माणसाला इथं जागा नाही.

माझे नाना बागवान. पेरूच्या, सीताफळाच्या बागा ते मक्त्यानं घ्यायचे, मोसमभर झोपडी टाकून तिथंच राहायचे. तोड सुरू झाली की पहिली पाटी ते मोजायचे नाहीत, बाजूला ठेवायचे. ती राखणदाराच्या पोरांची, रस्त्यानं जाणाऱ्यांची, मशिदीत उतरलेल्या मुसाफिरांची. अम्मी सांगते, मोजायच्या आधीच का काढता, असं विचारलं की नाना म्हणायचे, 'मोजल्यावर हात आखडतो.' नाना शिकलेले नव्हते. पण त्यांच्या या सवयीमागे एक जुना कायदा होता, आणि तो त्यांना तोंडपाठ होता.

तो कायदा म्हणजे उश्र, शेतीच्या उत्पन्नावरची जकात. पावसावर आलेल्या पिकातला दहावा हिस्सा द्यायचा. विहिरीचं पाणी ओढून, कष्टानं भिजवलेल्या पिकातला विसावा. भाजीपाल्यावर उश्र आहे की नाही याबद्दल इमामांमध्ये मतभेद आहेत. इमाम अबू हनीफांच्या मते आहे, इतर अनेकांच्या मते साठवून ठेवता येणाऱ्या पिकांवरच आहे. तो वाद इथं महत्त्वाचा नाही. आमच्या बागेची जमीन कुणा एकाची नाही आणि भाजी घेणारे सगळ्या धर्मांचे आहेत, त्यामुळे आमचं वाटप म्हणजे उश्र नव्हेच. मला त्यातली हिशेबाची रीत बघायची आहे.

या दोन आकड्यांकडे नीट पाहिलं, तर त्यात चाचा आणि खाला दोघंही दिसतात. कष्ट केले की देणं अर्ध्यावर येतं. म्हणजे पाणी ओढणाऱ्याच्या हाताला पडलेले घट्टे कायद्यानं मोजले आहेत. पण ते देणं शून्यावर येत नाही. कितीही घाम गाळला तरी ज्यानं गाळला नाही त्याचा हिस्सा त्या पिकात उरतोच. कुरआनमध्ये पीक काढण्याच्या दिवशीच हे देणं देऊन टाकायला सांगितलं आहे, आणि तिथं त्यासाठी शब्द आला आहे तो 'हक'. आपण मराठीत रोज बोलतो तोच हक्क. घेणारा आपला हिस्सा घेतो, देणारा दुसऱ्याचा हिस्सा त्याच्याकडे पोहोचवतो. यात उपकाराला जागा नाही.

सूरह कलममध्ये एका बागेच्या मालकांची गोष्ट आहे. उद्या भल्या पहाटे जाऊन सगळी फळं तोडायची, कुणा गरिबाला आत येऊ द्यायचं नाही, असं ते ठरवतात. रात्रीत बागेवर आपत्ती येते. पहाटे ते आपसात कुजबुजत पोहोचतात तर बाग ओळखूही येत नाही, आपण वाट चुकलो असं त्यांना वाटतं. लहानपणी मला ही गोष्ट शिक्षेची वाटायची. आता त्यातली कुजबुज जास्त लक्षात राहते. आपल्याच बागेत जाताना त्यांना आवाज खाली करावा लागला.

पुढच्या बैठकीत मी नानांची पाटी सांगितली. उश्रचे दोन आकडेही सांगितले. एक जैन काका म्हणाले, त्यांच्या आजोळी खळ्यावर रास मोजायच्या आधी बलुतेदारांचं काढून ठेवायचे. गावगाड्यात खळ्यावर येणाऱ्यांत आपला मुलाणीही असायचा, ही आठवण दुसऱ्या एकानं दिली. म्हणजे सांगायचं ते नवीन नव्हतंच, प्रत्येकाच्या घरात कुठंतरी पडलेलं होतं. दोन तास वाद झाला आणि वहीच्या पहिल्या पानावर जुना नियम खोडून तीन ओळी आल्या.

पहिली ओळ: तोडणी झाली की वजन करण्याआधी पहिली पाटी बाजूला. ती कॉलनीच्या ऑफिसच्या ओट्यावर ठेवायची. ज्या घरात पाळी जमत नाही, मग कारण म्हातारपण असो, आजार असो, बाळंतपण असो की दिवसभराचं काम, त्यांनी त्यातून घ्यावं. कोण घेतो ते वहीत लिहायचं नाही.

दुसरी ओळ: उरलेल्या भाजीतून त्या दिवशीच्या पाळीवाल्यानं आधी निवडायचं. त्यानं घेतल्याशिवाय पाटीला कुणी हात लावायचा नाही. त्यानंतर ज्याला जे चालतं ते त्यानं न्यावं, तराजू नाही.

तिसरी ओळ: त्यातूनही राहील ते दारातल्या टेबलावर. कुणीही न्यावं, कॉलनीतला असो वा नसो. दिवेलागणीपर्यंत टेबल रिकामं झालं पाहिजे.

तिसऱ्या ओळीमुळे सगळ्यात जास्त फरक पडला. मिरज दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून पेशंट येतात, त्यांचे नातेवाईक आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस खोल्या घेऊन, स्टोव्हवर शिजवून राहतात. आमच्या मागच्या रस्त्यावर अशा खोल्या आहेत. टेबलावरची वांगी आता तिकडे जातात. शेवगा आणि लिंबू मात्र आम्ही विकतो, कारण ते चार दिवस टिकतात आणि दुकानदार घरी येऊन नेतो. त्या पैशातून बोअरचं लाइटबिल भरतो. मिरच्यांचा मोसम असला की बायका सांडगी मिरची करतात आणि बरण्या घरोघरी फिरतात. वेलावरचा सगळ्यात चांगला दोडका लाल दोरा बांधून बियाण्यासाठी राखतो. लाल दोऱ्याला पाळीवालाही हात लावत नाही.

ओट्यावरच्या पाटीबद्दल एक सूचना आली होती: खालांनी कॉलनीसाठी कापडी पिशव्या शिवून द्याव्यात, म्हणजे त्यांनाही घ्यायला बरं वाटेल. सूचना चांगल्या मनानं आली होती. मी विरोध केला. पिशव्या हव्या असतील तर शिलाईचे पैसे देऊन शिवून घ्याव्यात. भाजीच्या बदल्यात शिवून घेतल्या, की तो पुन्हा काम तेवढा वाटा हाच नियम झाला, फक्त मागच्या दारानं. खाला पहिले दोन-तीन आठवडे ओट्याकडे फिरकल्या नाहीत. पुढे कधी यायला लागल्या ते मला ठाऊक नाही, कारण ते लिहायचं नाही असंच ठरलं आहे. या मार्चमध्ये रमजान होता, तेव्हा अस्रनंतर त्यांनी खिडकीतून मला हाक मारून विचारलं, 'पुदिना आया क्या आज?' मी म्हटलं, आला आहे.

सगळं मिटलं असं समजू नका. एका घरातले नवरा-बायको दोघंही धडधाकट आहेत. पाळी घेत नाहीत आणि टेबलावरून मात्र रोज नेतात. चाचांनी त्यांचं नाव 'टेबलवाले' ठेवलं आहे. बैठकीत हा विषय दर वेळी निघतो. माझं म्हणणं असं, की दोन पिशव्या चुकीच्या घरात गेल्या तरी चालतील, पण त्या थांबवण्यासाठी प्रत्येकाला दारात उभं करून कारण विचारायची वेळ येऊ नये. विचारायला लागलो, की पहिल्या फटक्यात खाला यायच्या बंद होतील, टेबलवाले काहीतरी कारण शोधून आणतील. चाचांना हे पटत नाही. ते म्हणतात, तुम्ही लोकांना आळशी करता. त्यांचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही. एवढंच दिसतं, की पाळ्या घेणारी नावं कमी झालेली नाहीत.

दुसरी काळजी मोठी आहे. चाचा आता सत्तरीला आलेत आणि मोटर त्यांच्याशिवाय कुणाला येत नव्हती. वहीत त्या रकान्यात बदलीचं नाव कायम कोरं. यंदा जूनमध्ये लिंगायत घरातली बारावीची मुलगी त्यांच्याकडे शिकायला लागली. फेज बघितल्याशिवाय स्टार्टर दाबायचा नाही, मोटरचा आवाज बदलला की आधी बंद करायची आणि मग विचार करायचा, असं चाचा तिला रागावून रागावून शिकवतात. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा तिनं एकटीनं पाणी फिरवलं. मी वहीत तिचं नाव लिहिलं. तोडणी झाली, पहिली पाटी ओट्यावर गेली, आणि चाचांनी आपली निवडायची पाळी तिला दिली. तिनं बराच वेळ पाटी चाळून चार कोवळ्या काकड्या काढल्या, आणि घरी नेण्याऐवजी नळावर धुऊन तिथंच खायला सुरुवात केली. एक चाचांना दिली.